जुना जर्मन स्टाइन: आधी पालथा घालून बघा

म्युनिकच्या आउ भागात, मारियाहिल्फ चौकातल्या चर्चभोवती, वर्षातून तीनदा 'आउअर डुल्ट' नावाची जत्रा भरते. पाळणे असतात, खाण्याचे ठेले असतात, पण या जत्रेची खरी ओळख म्हणजे भांडीबाजार आणि जुन्या वस्तूंची दुकानं. झाकणाचे जुने बीअरमग, ज्यांना जग स्टाइन म्हणतं, ते कसे पारखतात हे मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी फळीवरचा मग दोन्ही हातांनी उचलला, झाकण उघडून आपटू नये म्हणून त्यावर अंगठा दाबून धरला आणि मग सरळ पालथा घातला. समोरच्या चित्राकडे त्यांनी बघितलंसुद्धा नव्हतं. तळ झाला, मग बिजागरी, मग कान, मग झाकणाची आतली बाजू. चित्र सगळ्यात शेवटी. मी मात्र तोवर चित्र बघूनच मग निवडत होते.

स्टाइन जमवायचे म्हणजे काय, हे समजावताना मी याच क्रमानं जाते. चित्र भुलवतं. वस्तूचं वय, गाव, भट्टी आणि तिच्यावर नंतर झालेली डागडुजी हे सगळं चित्र नसलेल्या जागी लिहिलेलं असतं.

आधी नावाचा गोंधळ सोडवू. 'स्टाइन' हे नाव रुळवलं इंग्रजी बोलणाऱ्यांनी. जर्मन भाषेत 'श्टाइन' म्हणजे दगड, त्यामुळे जर्मन दुकानदाराकडे नुसता 'श्टाइन' मागितला तर तो बुचकळ्यात पडेल. तिथे 'क्रूग' किंवा 'बीअरक्रूग' म्हणायचं. मोठ्या मगाला 'हुम्पन' म्हणतात, आणि बव्हेरियात लिटरभर बीअर म्हणजे 'मास'. दगड हा शब्द आला तो 'श्टाइनत्सॉइग' या मातीकामाच्या प्रकारावरून, म्हणजे दगडी भांड्यांवरून.

दगडी भांडं म्हणजे काय हे मराठी माणसाला पटकन समजतं, कारण ते आपल्या फडताळात असतंच. माठ आणि लोणच्याची बरणी, दोन्ही मातीचीच. माठ पाझरतो, म्हणून तर पाणी गार होतं. बरणीत वर्षभर कैरीचा खार मुरतो आणि बाहेर थेंब येत नाही. हा फरक मातीच्या जातीचा आणि भट्टीच्या आंचेचा. माठ तुलनेनं मंद आंचेवर भाजतात. दगडी भांड्याची माती १२०० अंश सेल्सिअस आणि त्याहून जास्त उष्णता सोसते, आणि त्या उष्णतेत तिच्यातले काही घटक वितळून काचेसारखे होतात, कणांमधल्या फटी बुजवतात. मग भांड्याला पाणी शोषायला जागाच उरत नाही. बीअरसाठी हे फार महत्त्वाचं. पाझरणाऱ्या भांड्यात जुनी बीअर मुरून आंबते आणि पुढच्या बीअरला वास लागतो.

ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातल्या कुंभारांना ही विद्या मध्ययुग संपता संपता साधली. त्यांनी आणखी एक युक्ती काढली आणि माझ्या मते ती या सगळ्या गोष्टीतली सर्वात सुंदर गोष्ट आहे. भट्टी पूर्ण तापली, की वरच्या भोकांतून आत मूठमूठ मीठ टाकायचं. साधं खाण्याचं मीठ. त्या आंचेत मिठाची वाफ होते, त्यातलं सोडियम भांड्याच्या मातीतल्या सिलिकाशी संयोग पावतं आणि भांड्यावर काचेचा पातळ थर धरतो. ब्रशनं लावलेली झिलई नव्हे ती, भट्टीतल्या हवेनं दिलेली. म्हणून तिचा पोत अगदी गुळगुळीत नसतो. संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे बोटाला लागतात. डोळे मिटून स्टाइनवर बोट फिरवा आणि तो पोत ओळखायची सवय लावून घ्या. बारीक तपशील विसरले जातात, पण बोटांना झालेली ही ओळख पुसली जात नाही.

गावांची नावं चार-पाचच लक्षात ठेवली तरी पुष्कळ काम होतं. झीगबुर्गची माती फिकट, जवळजवळ हस्तिदंती रंगाची. तिथले उंच, वर निमुळते होत जाणारे मग 'श्नेले' म्हणून ओळखले जातात. फ्रेखन आणि कलोनचे तपकिरी जग, ज्यांच्या मानेवर दाढीवाल्या पुरुषाचा चेहरा असतो. रारेन, जे आज बेल्जियममध्ये आहे. बव्हेरियातलं क्रॉयसन, जिथे गडद तपकिरी अंगावर रंगीत मिन्याची चित्रं काढत. आणि वेस्टरवाल्ड. सोळावं शतक सरत असताना झीगबुर्ग आणि रारेनचे काही कुंभार वेस्टरवाल्डच्या डोंगराळ भागात येऊन वसले. तिथे उत्तम माती होती आणि भट्टीला लाकूड होतं. तिथली राखाडी भांडी आणि त्यावरचा कोबाल्टचा गडद निळा रंग जगभर गेला. निळाच का, तर मिठाच्या भट्टीची आंच सोसून टिकणारे रंग फार थोडे. कोबाल्टचा निळा टिकतो, मँगनीजचा जांभळा टिकतो. इंग्लंडच्या जॉर्ज राजांची आद्याक्षरं कोरलेले वेस्टरवाल्डचे मग इंग्लंडला आणि अमेरिकेतल्या वसाहतींना जात. त्या भागाला आजही 'काननबेकरलांड' म्हणतात, म्हणजे घडे भाजणाऱ्यांचा मुलूख, आणि तिथल्या ह्योर-ग्रेन्त्सहाउजन गावात मातीकामाचं मोठं संग्रहालय आहे. नवशिक्यानं एकच ठिकाण बघायचं असेल तर मी हे सांगेन.

आता झाकण. झाकण का आलं याची एक गोष्ट तुम्हाला सगळीकडे वाचायला मिळेल: प्लेगच्या साथीनंतर माश्यांच्या भीतीनं जर्मन राज्यांनी कायदा करून भांड्यांना झाकणं लावायला लावली. या गोष्टीवर फार विसंबू नये. युरोपातली ती महाभयंकर साथ १३४७ ते १३५१ या काळातली, आणि झाकणाचे मग सर्रास दिसू लागतात ते सोळाव्या शतकात. शिवाय प्लेग माशीनं नव्हे, उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो. झाकणाचा साधा उपयोग डोळ्यांसमोर आहे. बव्हेरियातल्या बीअरच्या बागा चेस्टनटच्या झाडांखाली असतात. पानं, फुलं, किडे वरून पडतच असतात. अंगठ्यानं दाबून एका हातानं उघडणारं झाकण ही त्यावरची फार विचारानं केलेली सोय आहे.

हे झाकण बहुतेक वेळा प्यूटरचं, म्हणजे मुख्यतः कथलाचं. कल्हईवाला पितळेच्या पातेल्याला आतून जो मुलामा देतो तोच धातू. त्यात घट्टपणासाठी थोडं अँटिमनी किंवा तांबं, आणि जुन्या काळी शिसंसुद्धा. कथील २३२ अंशांनाच वितळतं, मऊ असतं, सहज वाकतं. म्हणून झाकण हा स्टाइनचा सर्वात हळवा भाग. कानाला वेढणारी धातूची पट्टी, तिच्यातून निघणारा दांडा, बिजागरीची कडी, अंगठ्याचा खटका आणि झाकण, अशी ती साखळी असते. कुंभार मग घडवी आणि कथीलकाम करणारा दुसराच कारागीर त्यावर हे सगळं चढवी. त्यामुळे एकाच साच्यातल्या दोन मगांची झाकणं वेगळी असू शकतात आणि त्यात काही खोट नसते. खोट असते ती झाकण नंतर बदललेलं असेल तेव्हा. झाकणाची कड मगाच्या तोंडाशी नीट बसते का, पट्टी कानाच्या वळणाला धरून आहे का, दांड्यावर डाग दिल्याचा फुगवटा दिसतो का, धातूचा रंग सगळीकडे एकच आहे का, हे बघा. झाकणावर नाव आणि साल कोरलेलं असेल तर ते भेट देणाऱ्यानं कोरून घेतलेलं असतं, आणि मग साधारण त्याच सुमाराचा किंवा थोडा आधीचा असतो. पण झाकणच मूळचं नसेल तर ते साल मगाबद्दल काहीच सांगत नाही.

सतराव्या-अठराव्या शतकात पांढऱ्या झिलईवर रंगकाम केलेले फायान्सचे मग आले. चिनी पोर्सेलिनची ती स्वस्तातली नक्कल होती, आणि तिचे टवके लगेच उडतात. १७१० साली माइसनला पोर्सेलिनचा कारखाना निघाला. हे दोन्ही प्रकार सुंदर आहेत, पण सुरुवातीला त्यांच्या वाटेला जाऊ नये. पारख हवी आणि खिसाही हवा.

संग्राहकांच्या हाती आज जे स्टाइन येतात ते बहुतेक १८७० ते १९१४ या काळातले. जर्मनी नुकतंच एक राष्ट्र झालं होतं, कारखाने जोरात होते आणि लोकांना आपल्या जुन्या वैभवाचं वेड लागलं होतं. सरदार, किल्ले, शिकारी, वाईनचे तळघर असली चित्रं म्हणूनच या मगांवर सारखी दिसतात. इथे एक मोठा सापळा आहे. या काळात सोळाव्या शतकातल्या मगांच्या हुबेहूब प्रती निघाल्या, आणि मूळ मगावरचं सालसुद्धा तसंच उतरवलं गेलं. त्यामुळे १५९० च्या आसपासचं साल ठळकपणे उमटलेला मग १८८० च्या सुमाराचा असू शकतो. तो फसवण्यासाठी केलेला असतोच असं नाही. पण विकणारा त्याच सालावर बोट ठेवून किंमत सांगत असेल, तर तुम्हाला हे माहीत असलं पाहिजे.

या काळातलं सर्वात मोठं नाव मेटलाख. झार नदीकाठच्या या गावातला जुना बेनेडिक्टाइन मठ १८०९ साली झाँ-फ्रान्स्वा बॉख यांनी विकत घेऊन तिथे मातीकामाचा कारखाना काढला. १८३६ मध्ये व्हिलरॉय यांच्याशी भागीदारी झाली आणि व्हिलरॉय अँड बॉख कंपनी उभी राहिली. त्यांच्या ज्या मगांसाठी संग्राहक जीव टाकतात ते 'एच्ड' म्हणून ओळखले जातात. नाव कोरीव असलं तरी तिथे ॲसिडनं कोरलेलं काही नाही. चित्राच्या प्रत्येक रेषेची बारीक खाच असते, ती गडद रंगानं भरलेली असते आणि रेषांच्या मधले रंग सपाट, मंद असतात. नख फिरवलं की ते खाचेत अडकतं. त्याच कारखान्याचा दुसरा, स्वस्त प्रकार झिलईखाली छापलेल्या चित्रांचा. त्यावरून नख सरळ घसरत जातं. तेच गाव, तोच शिक्का, पण मोलात मोठा फरक, आणि तो नखावर कळतो. हाइनरिश श्लिट या चित्रकारानं मेटलाखसाठी काढलेले लाल टोप्यांचे 'ग्नोम', म्हणजे युरोपातल्या लोककथांमधले बुटके, मला स्वतःला फार आवडतात. बीअर पिताना त्यांची चाललेली लगबग पुन्हा पुन्हा बघावीशी वाटते.

मेटलाखचा मग पालथा घातला की तळावर वाचायला पुष्कळ असतं. मठाच्या आवारात सुमारे हजार वर्षं जुना बुरूज आहे, 'आल्टर टुर्म'; त्याची आकृती आणि खाली गावाचं नाव, असा शिक्का पुष्कळ मगांवर दाबलेला असतो. शेजारी साच्याचा क्रमांक. आणि बारीक दोन आकडे, उदाहरणार्थ ९७, म्हणजे १८९७. हे दोन आकडे शोधायचे. साच्याचा क्रमांक चार आकडी असला की नवखा माणूस त्यालाच साल समजतो आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा मग अठराव्या शतकातला मानून घरी नेतो.

तळावरचे शब्दही असेच चकवतात. 'गेस. गेश.' हे कारखान्याचं नाव नव्हे. 'गेझेट्सलिश गेशुट्स्ट', म्हणजे कायद्यानं संरक्षित, याचं ते लघुरूप. 'मुस्टरशुट्स' म्हणजे नमुन्याला संरक्षण. माणसाच्या, प्राण्याच्या, भाजीच्या आकाराच्या पोर्सेलिन मगांवर हा शब्द दिसतो, आणि थुरिंगियातल्या प्लाउअ गावच्या शियरहोल्त्स कारखान्याचे असे मग फार नावाजलेले आहेत. 'डे.एर.गे.एम.' ही अक्षरं असतील तर मग १८९१ नंतरचा, कारण ती नोंदणीच त्या वर्षी सुरू झाली. इंग्रजीत 'जर्मनी' लिहिलं असेल तर तोही बहुधा तेव्हापासूनचा. आयात मालावर देशाचं नाव हवं असा कायदा अमेरिकेनं १८९० साली केला होता. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० मधला, मग वरचं चित्र कितीही जुनं दिसो.

मापाची खूणही बघा. जर्मन राज्यांची मापं पूर्वी वेगवेगळी होती. बव्हेरियाचं जुनं मास लिटरहून थोडं मोठं, सुमारे १.०७ लिटरचं होतं. १८७२ पासून सगळीकडे मेट्रिक मापं लागू झाली, आणि गुत्त्यांमधल्या भांड्यांवर मापाची रेघ असावी असा कायदा १८८१ साली झाला. म्हणून कानाजवळ बारीक रेघ आणि 'अर्धा लिटर' अशी खूण दिसली की मग त्यानंतरचा. गिऱ्हाइकाला पूर्ण माप मिळावं म्हणून मारलेली ती रेघ आज वय सांगते.

माझ्या मनात सगळ्यात खोल बसलेला प्रकार रेझर्विस्टनक्रूगचा, म्हणजे सक्तीची लष्करी सेवा संपवून घरी निघालेल्या शिपायाच्या मगाचा. १८९३ नंतर पायदळात ही सेवा दोन वर्षांची होती, घोडदळात तीन. सेवा संपली की शिपाई राखीव दलात जाई, आणि जाताना स्वतःच्या पैशानं आठवणीचा मग बनवून घेई. असा एक अर्ध्या लिटरचा पोर्सेलिनचा मग मी हातात घेतलेला आहे. वरच्या कडेनं पलटणीचं नाव आणि गाव. पुढे मधोमध चिन्ह, दोन्ही बाजूंना कवायतीची आणि निरोपाची रंगीत चित्रं. झाकणाच्या टोकावर कथलाचा शिपाई. बव्हेरियाच्या पलटणीचा असेल तर अंगठ्याच्या खटक्यावर बहुधा सिंह असतो, प्रशियाचा असेल तर गरुड. आणि कानाच्या दोन्ही बाजूंना, मुंगीच्या अक्षरात, तुकडीतल्या सोबत्यांची नावं ओळीनं. मग रिकामा करून उजेडाकडे धरला की तळातून चित्र उमटतं: पोर्सेलिनचा पातळ पत्रा, जिथे जाड तिथे सावली, जिथे पातळ तिथे उजेड. त्यात एक तरुण मुलीचा निरोप घेत असतो. मगावर साल होतं १९११–१३. म्हणजे मग घेऊन घरी गेल्यावर वर्षभरातच, ऑगस्ट १९१४ मध्ये, राखीव शिपायांना परत बोलावणं आलं. त्या नावांच्या यादीवरून नजर पुढे सरकत नाही.

याच मगांच्या नकला सर्वात जास्त. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रवाशांसाठी त्या ढिगानं बनल्या. तळातल्या चित्रात विवस्त्र स्त्री असेल तर तो मग जुना समजू नये. बाजूची चित्रं भिंगातून बघितली आणि रंग वर्तमानपत्रातल्या छायाचित्रासारख्या ठिपक्यांचे दिसले, तर तेही नवेपण. आणि नावं, पलटण, साल यांचा मेळ बसतो का हे तपासणं हा तर अभ्यासच आहे. त्यासाठी त्या काळच्या सैन्याच्या रचनेचं वाचन लागतं.

तडा कसा शोधायचा? माठ घेताना आपण बोटाच्या पेरानं वाजवून बघतो, तसंच. झाकण उघडं धरून काठावर हलकेच टिचकी मारा. स्वच्छ नाद आला तर बरं. बद्द आवाज आला तर केसाएवढी का होईना चीर आहे. मगाच्या आत टॉर्च धरून बाहेरून बघा. अतिनील उजेडाची छोटी टॉर्च असेल तर दुरुस्तीवर नंतर मारलेला रंग पुष्कळदा वेगळा उजळतो. कानाचा वरचा जोड आणि काठ या दोन जागा आधी. दुरुस्त केलेला मग घेऊच नये असं मी म्हणणार नाही, पण ती दुरुस्ती माहीत असून घ्यावा आणि किंमत त्या हिशेबानं द्यावी.

पहिला स्टाइन म्हणून मी वेस्टरवाल्डच्या कारखान्यांमधला, १८९०-१९१० च्या सुमाराचा, उठावाच्या नक्षीचा साधा राखाडी-निळा मग सुचवेन. मेर्केलबाख, गेर्त्स, टेवाल्ट ही तिथली नावं. असे मग पुष्कळ बनले, म्हणून आजही परवडतात, आणि एक मग घरी असला की पुढचे शंभर पारखायला तो मोजपट्टी होतो. आणखी शिकायचं असेल तर 'स्टाइन कलेक्टर्स इंटरनॅशनल' ही १९६५ साली सुरू झालेली संस्था आणि तिचं 'प्रोझिट' हे नियतकालिक यांत पुष्कळ खोल माहिती मिळते. हस्तिदंताचे जुने मग मात्र संग्रहालयातच बघावेत. आपल्याकडे हस्तिदंताच्या व्यापाराला कायद्यानं बंदी आहे.

घरी आणल्यावर कोमट पाणी आणि मऊ कापड, एवढंच. डिशवॉशरमध्ये घातला तर कथील काळवंडतं. झाकण चकचकीत घासू नका. त्याच्यावर चढलेला करडा रंग शंभर वर्षांचा आहे आणि एकदा गेला की गेला. मग नुसत्या कानाला धरून उचलू नका, दोन्ही हातांनी अंगाला धरा. आणि विमानानं भारतात आणणार असाल तर झाकण आणि काठ यांच्यामध्ये मऊ कापडाची घडी ठेवा, झाकण दोरीनं सैलसर बांधा, मगाच्या पोटात मोजे भरा, आणि पेटी सामानात न देता जवळच ठेवा. प्रवासात आधी वाकते ती बिजागरी.